इमारत पाहून जहाज येत नाही

(व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदया, मंडळाचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

क्रूझ कंपन्या एखादं बंदर का निवडतात आणि का सोडतात, असा विषय पत्रिकेत छापलाय. त्याआधी एक विचारतो. इथे क्रूझवर जाऊन आलेले किती जण आहेत? हात वर करा. वा, बरेच दिसतात. आता ज्यांची बोट सिंगापूरहून सुटली त्यांनी हात खाली घ्या. (हशा) बघा, चारच उरले! म्हणजे डोंबिवलीची माणसं मध्यरात्री टॅक्सी करून विमानतळ गाठतात, पाच-साडेपाच तास विमानात बसतात आणि मग तिथे जाऊन बोटीत चढतात. आपल्या इथून सीएसएमटीची लोकल पकडली तर बॅलार्ड पिअर, म्हणजे मुंबईचा क्रूझचा धक्का, दीड तासावर आहे.

ज्या बंदरातून सफर सुरू होते आणि जिथे संपते, त्याला धंद्यात होम पोर्ट म्हणतात. वाटेत जहाज सकाळी लागतं, माणसं उतरून गाव बघतात, संध्याकाळी परत चढतात, ते नुसतं थांब्याचं बंदर. थांब्याच्या बंदराला टॅक्सीचं भाडं आणि खाण्यापिण्याचे चार पैसे मिळतात. होम पोर्टला तेल, पाणी, अंडी, भाजी, हमाली, दुरुस्ती, खलाशांची अदलाबदल, प्रवाशांची आदल्या रात्रीची हॉटेलं, असं सगळंच मिळतं. म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक शहराला होम पोर्ट व्हायचं असतं. त्यासाठी काय करावं असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, टर्मिनल बांधा. माझी सगळी नोकरी शिपिंग एजंट म्हणून गोदीत झाली आणि या उत्तराशी माझं जुनं भांडण आहे. इमारत पाहून जहाज येत नाही. कंपनी आधी बघते की मोटारीच्या किंवा रेल्वेच्या अंतरावर तिकीट काढणारी घरं किती आहेत. मग बघते की धक्क्यावरच्या एका दिवसात जहाज रिकामं होऊन, पुन्हा भरून, वेळेवर सुटतं की नाही.

या दिवसाला टर्नअराउंड म्हणतात. सकाळी सहाला जहाज लागतं. दोन-अडीच हजार माणसं सामानासकट उतरायची, दुपारी तेवढीच नवी चढायची आणि संध्याकाळी पाचला दोर सुटायचे. एकाच मंगल कार्यालयात सकाळी एका घरचं लग्न आणि संध्याकाळी दुसऱ्याच घरचं रिसेप्शन असलं की मधल्या वेळात व्यवस्थापकाचं जे होतं ते आठवा. फक्त इथे दोन्ही वऱ्हाडांचे पासपोर्टही तपासायचे असतात. त्याच वेळी समुद्राच्या बाजूला तेलाची बार्ज लागलेली असते आणि धक्क्याच्या बाजूनं फोर्कलिफ्ट आठवडाभराचं दूध, मासळी आणि कांदे आत ढकलत असतो. कुठलंही एक काम अडलं की बाकीची सगळी त्याच्यामागे अडतात.

आता माझं एक दुखणं सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही. मुंबईचं नवं टर्मिनल व्हायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. एका परदेशी कंपनीनं थंडीच्या हंगामासाठी मुंबईत जहाज ठेवलं होतं. जहाजाचं, कंपनीचं, कुठल्या खात्याचं नाव मी घेणार नाही. पहिल्या काही फेऱ्या बऱ्या झाल्या. मग एका सकाळी जहाज वेळेवर लागलं, गँगवे, म्हणजे जहाजाचा जिना, खाली आला आणि सामान उतरवायला हमालच नाहीत. हमाल होते, पण गेटच्या बाहेर! त्यांच्या गेटपासवरची तारीख आदल्या दिवशी संपली होती. पासाचं कार्यालय दहाला उघडणार. सहा ते दहा, चार तास! मी गेटवरच्या शिपायापासून वर जेवढे फोन लागत होते तेवढे लावले. प्रत्येकानं ऐकून घेतलं, आणि प्रत्येकाचा कागद नियमात बसत होता.

माणसं मात्र उतरत होती. आपलीच माणसं, सुट्टी संपवून आलेली, सोमवारी कामावर जायचं असलेली. शेडमध्ये बसायला जागा नव्हती म्हणून आजीआजोबा खाली वर्तमानपत्र पसरून बसले. प्रत्येक बॅगेला रंगीत पट्टी बांधलेली असते, निळ्या पट्टीवाले आधी, मग पिवळे, अशी. त्या सगळ्या बॅगा जहाजाच्या पोटात पडून होत्या. साडेदहाला हमाल आत आले. तोवर नवे प्रवासी यायला लागले होते, त्याच शेडमध्ये, त्याच दारानं. त्यातच सामान तपासायच्या दोन यंत्रांपैकी एक बंद पडलं. आपल्या लोकांच्या बॅगेत ठेपल्यांचा स्टीलचा डबा आणि लोणच्याची बरणी असतेच. यंत्रात ती काळीकुट्ट दिसते आणि प्रत्येक बॅग उघडावी लागते. बाहेर बसगाड्यांची रांग गोदीच्या ग्रीन गेटपासून पार रस्त्यावर गेली. भर उन्हात एक तरुण मुलगी कडेवर पोर घेऊन मला विचारत होती, ‘काका, बोट आम्हाला सोडून जाणार नाही ना?’ तिला काय सांगायचं?

पाचला सुटायचं जहाज आठला सुटलं. कारण सामान चढवून झालं तेव्हा समुद्राला भरती आली होती, भरतीला मालवाहू जहाजांची रीघ असते आणि पायलटचा, म्हणजे जहाज बंदराबाहेर काढून देणाऱ्या वाटाड्याचा, आमचा नंबर गेला होता. तीन तासांनी काय मोठं बिघडतं, असं वाटेल. मुंबई ते मुरगाव सुमारे २३० सागरी मैल. संध्याकाळी पाचला निघून सकाळी आठला पोचायचं तर पंधरा-सोळा नॉटचा, म्हणजे ताशी तेवढ्या सागरी मैलांचा, आरामाचा वेग पुरतो. आठला निघालात तर एकोणीसच्या वर जावं लागतं. आणि जहाजाचं तेल वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे वेग पाव पटीनं वाढवला की ताशी तेल जवळजवळ दुप्पट. चार तासांचा गेटपास कंपनीच्या तेलाच्या बिलात असा उतरतो. पुढच्या हंगामाच्या वेळापत्रकात मुंबई नव्हती. वर्तमानपत्रात आलं की मुंबईत आधुनिक टर्मिनल नाही म्हणून जहाज गेलं. त्यांच्या कार्यालयातल्या माणसानं मला फोनवर सांगितलं होतं की इमारतीबद्दल आमची तक्रार नाही, आम्हाला फक्त सुटण्याची वेळ नक्की हवी. हे मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगत आलोय आणि आज तुम्हालाही सांगतोय.

इमारतीवर विसंबलेल्या शहराचं काय होतं, ते पाहायचं तर अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचं मोबील बघा, अलाबामा राज्यातलं. मोठं नामांकित शहर नव्हे. नगरपालिकेनं कर्ज काढून, सुमारे दोन कोटी डॉलर घालून टर्मिनल बांधलं आणि २००४ मध्ये कार्निव्हल या क्रूझ कंपनीचं जहाज येऊन राहिलं. बोटी भरून जायच्या. आजूबाजूच्या राज्यांतली माणसं गाडी चालवत यायची, गाडी धक्क्याजवळ लावायची आणि मेक्सिकोला जाऊन यायची. सगळं छान चाललेलं असताना २०११ मध्ये कंपनीनं सांगितलं, आम्ही निघालो. तेल महाग झालंय आणि इथे तिकिटाला भाव मिळत नाही. ‘एलेशन’ नावाचं ते जहाज दोन-अडीच तासांच्या मोटारअंतरावरच्या न्यू ऑर्लिन्सला गेलं. तिथे माणसं विमानानं येतात, दोन रात्री गाव बघतात आणि बोटीला जास्त पैसे मोजतात. मोबीलच्या माथ्यावर रिकामी इमारत आणि कर्जाचे हप्ते राहिले. आणि याच ‘एलेशन’ला वर्षभरापूर्वी मोबीलला आणताना सॅन डिएगोतून हलवलं होतं, म्हणजे तिथल्या धक्क्यावरही तेव्हा कुणीतरी हेच भोगलं असणार. मोबीलला जहाज परत आलं २०१६ मध्ये, तेही १९९० सालचं जुनं ‘फँटसी’. २०२३ मध्ये तिथे ‘स्पिरिट’ हंगामापुरतं येऊ लागलं.

मला मोबीलच्या लोकांबद्दल मनापासून वाईट वाटतं. त्यांचं टर्मिनल चांगलं होतं, प्रवासीही होते. चूक एवढीच की पैसा सगळा शहराचा आणि निघून जायची मोकळीक सगळी कंपनीला. याउलट टेक्सासमधलं गॅल्व्हस्टन. तिथे २०२२ मध्ये रॉयल कॅरिबियनचं टर्मिनल उघडलं, ते कंपनीनं स्वतः साडेबारा कोटी डॉलरच्या घरात खर्च करून बांधलंय. ज्यानं स्वतःचे पैसे घातलेत तो एका हंगामाच्या तोट्यानं उठून जात नाही.

अध्यक्षबाईंची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. पत्रिकेतला विषय अजून अर्धा बाकी आहे, तेव्हा भरभर सांगतो.

पहिला भाग कायद्याचा. अमेरिकेत १८८६ चा कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजानं अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी न्यायचे नाहीत, आणि जवळजवळ सगळी क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याची. म्हणून सिएटलहून अलास्काला जाणारं जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळी काही तास लागतं आणि कायदा पाळला जातो. महासाथीत कॅनडानं बंदरं बंद केली, तेव्हा अमेरिकेच्या संसदेला २०२१ मध्ये तात्पुरता नवा कायदा करावा लागला, नाहीतर हंगाम गेलाच होता. अलास्काच्या सफरींसाठी सिएटल २००० सालानंतर कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या तोडीचं झालं ते अमेरिकन प्रवाशाला सरहद्द ओलांडून विमान करावं लागत नाही म्हणून. प्रवाशाच्या घराजवळचं बंदर जिंकतं, ते असं.

मग पूल. फ्लोरिडातल्या टँपाच्या वाटेवर सनशाइन स्कायवे पूल आहे, पाण्यापासून सुमारे ५५ मीटर. नवी मोठी जहाजं त्याखालून जातच नाहीत, म्हणून प्रवासी असूनही टँपाला लहान बोटीच मिळतात. बाल्टिमोरचा पूल मार्च २०२४ मध्ये कोसळला, बंदराची वाट अडली आणि तिथली जहाजं काही आठवडे नॉरफोकला गेली.

मग समुद्रापासूनचं अंतर. टेक्सासमधल्याच ह्यूस्टननं बेपोर्टला टर्मिनल बांधून ठेवलं आणि ते वर्षानुवर्षं रिकामं राहिलं. २०१३ मध्ये प्रिन्सेस कंपनी, २०१४ मध्ये नॉर्वेजियन कंपनी आली, २०१६ मध्ये दोघीही गेल्या. गॅल्व्हस्टन त्याच प्रवाशांना तेवढंच सोयीचं आणि खुल्या समुद्राच्या तोंडाशी आहे. मग जहाजानं खाडीत आतपर्यंत कशाला यायचं?

आता मुंबई. २००५ मध्ये सुपरस्टार लिब्रा ही बोट आली, २०१६ मध्ये कोस्टा कंपनी आली, २०१९ मध्ये जलेश कंपनीची कर्णिका आली आणि महासाथीत कंपनी बुडून ते जहाज गुजरातेत अलंगच्या जहाजतोडणीत तुटलं. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनी आहे. धक्क्यावर तयार प्रवासी आहेत हे यातल्या प्रत्येकानं दाखवलं. पुणे, नाशिक, सुरत, सगळं रेल्वेच्या टप्प्यात. अडचण पावसाळ्याची आहे, चार महिने अरबी समुद्रात प्रवाशांना सुखानं नेता येत नाही. कॉर्डेलियानं २०२२ मध्ये जूनला जहाज चेन्नईला नेलं आणि पुढच्या वर्षी तिथून श्रीलंकेच्या फेऱ्या काढल्या. हे शहाणपणाचं आहे. मुंबई आणि चेन्नईनं एकत्र बसून एकाच जहाजाला बारा महिन्यांचा करार द्यावा, दोघांनी वेगवेगळी बोलणी करून एकमेकांचे दर पाडू नयेत.

नवं टर्मिनल २०१८ च्या जानेवारीत पायाभरणी होऊन २०२५ च्या सप्टेंबरमध्ये उघडलं. वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता सांगितली जाते. मला आनंद आहे, जुन्या शेडमध्ये मी आजीबाईंना खाली बसलेलं पाहिलंय. पण पुढच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्या असं माझं मागणं आहे. कंपनीनं वर्षाला ठरावीक प्रवाशांमागचं शुल्क बंदराला भरायचं, जहाज येवो न येवो. बंदरानं ठरलेल्या वेळी पायलट द्यायचा, आणि तो चुकला तर तेलाचा फरक बंदरानं सोसायचा. आणि टर्नअराउंडच्या दिवशी कस्टम्स, इमिग्रेशन आणि पासाचं कार्यालय पहाटे पाचला उघडं असायचं, नोव्हेंबर ते मे, प्रत्येक फेरीला. सभागृह नऊला रिकामं करायचं आहे, तेव्हा प्रश्न आता लगेच घेऊ. पहिल्या रांगेतल्या ताई, बोला.