संप लांबला की गोळ्या पुरवून खाल्ल्या जातात

(परभणीत संपावर बसलेल्या कर्मचाऱ्यांपुढे एका निवृत्त एसटी वाहकाने केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, मागण्यांवर मी बोलणार नाही, त्या तुम्हाला पाठ आहेत. मी एसटीत वाहक होतो. 2021 च्या दिवाळीत एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण व्हावं म्हणून आमचा संप पेटला. उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत हजर व्हा म्हणून सांगितलं, तोवर साडेपाच महिने गेले होते. त्या काळात घरात काय झालं, ते सांगायला आलोय.

पहिला पंधरवडा जत्रेसारखा जातो. घोषणा, रात्री भजन, घरून भाकरी-ठेचा येतो. दुसरा पगार चुकला की मंडपातली माणसं पांगतात. आमच्यातले कोणी तूर कापायला गेले, कोणी भाजीचा गाडा लावला. कष्टाचे पैसे आहेत, त्यात लाज कसली? पण लाज वाटते, मग माणूस घरी लपवायला लागतो. बिघाड तिथून सुरू होतो.

माझंच सांगतो. मला बीपीची गोळी रोज एक. डिसेंबरात मी ती दिवसाआड घ्यायला लागलो. काहीच होत नव्हतं, डोकंसुद्धा दुखत नव्हतं. बीपीचं तेच वाईट, आतल्या आत वाढतं. आमच्या घरी नवं पाकीट फोडलं की बायको पाठीमागं पेनानं तारीख टाकायची. एक दिवस शर्ट धुवायला घेताना तिनं खिशातलं पाकीट पाहिलं. दहाचं पाकीट, फोडून बारा दिवस झालेले, आणि चार गोळ्या शिल्लक. ती काही बोलली नाही. चप्पल घातली आणि मला सरकारी दवाखान्यात नेलं. वरचं 180, खालचं 110 निघालं. गोळ्या तिथंच मिळाल्या. ऑगस्ट 2023 पासून तर आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. मग गोळी का पुरवून खायची?

त्या रात्री मी वही काढली. किराण्याची उधारी, पतसंस्थेचा थकलेला हप्ता, लेकीची फी. आणि एक आकडा तिला माहीतच नव्हता, एकाकडून पाच रुपये शेकड्यानं उचललेले पैसे. तो लिहिताना माझा हात थांबला होता. ती म्हणाली, "हे आधी सांगितलं असतं तर मी अंगठी मोडली असती, पण या व्याजात पडू दिलं नसतं." मी दोन महिने तिला जपतोय असं समजत होतो, आणि ती शेजारी बसून एकटीच काळजी करत होती.

झोपेचं म्हणाल तर, मुक्कामी गाडीच्या सवयीनं पहाटे चारलाच डोळा उघडायचा आणि जायला कुठं नसायचं. मग हातात मोबाइल. रात्रीतून ग्रुपवर बडतर्फीच्या याद्या फिरायच्या, निम्म्या खोट्या. मी दहानंतर फोन लेकीकडे द्यायला लागलो आणि पहाटे शेजाऱ्याला घेऊन चालायला जाऊ लागलो. मंडपात उपाशीपोटी आठ-आठ कप चहा व्हायचा, तोही कमी केला.

आता जड गोष्ट बोलतो. आमच्या संपाच्या काळात राज्यात काही एसटी कर्मचाऱ्यांनी जीव दिला. शेजारी बसणारा गप्प झाला, डबा आणायचा बंद झाला, पिऊन यायला लागला, तर त्याच्या घरी जा. "जगून काय करू" असं तो म्हणाला तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका, त्याला एकटं सोडू नका. 14416 हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा क्रमांक आहे. फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. खिशात लिहून ठेवा.

आणि कोणी मधेच कामावर गेला तर त्याच्या लेकरांना टोमणे मारू नका. माझ्या गाडीचा चालक फेब्रुवारीत हजर झाला. मी त्याच्याशी बोलणं तोडलं. त्याची आई डायलिसिसवर होती हे मला मे महिन्यात, एकाच गाडीवर ड्युटी लागल्यावर कळलं.

बाहेर बीपी तपासायचं टेबल मांडलंय. चहा नंतर घ्या. आणि गोळी रोज घेता का, असं विचारलं तर तिथं तरी खरं सांगा.