स्क्रू ड्रायव्हरला हात लावण्याआधी

कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय ‘रुंद सीआरटी मॉनिटर: जी-टू आणि व्हाइट बॅलन्स’, म्हणजे काचेच्या ट्यूबचा जुना मॉनिटर, त्याचं काळं खरंच काळं करणं आणि पांढरा रंग जुळवणं. तिथे जायचंच आहे, कोणी घाबरू नका. पण जी-टूचं नाव काढलं की निम्म्या सभागृहाचे हात खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे जातात, म्हणून आधी थोडं वेगळं बोलतो. माझं म्हणणं साधं आहे: या मॉनिटरच्या नावावर सांगितले जाणारे बहुतेक दोष मॉनिटरचे नसतातच. ते सिग्नलचे असतात, सेटिंगचे असतात, नाहीतर मालकाच्या घाईचे असतात. खोका उघडायची वेळ सगळ्यात शेवटी येते.

रुंद सीआरटी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सोनीचा जीडीएम-एफडब्ल्यू९०० येतो, म्हणून त्याचेच आकडे घेऊ. नाव २४ इंची, दिसणारा पडदा साडेबावीस इंच, प्रमाण १६:१०, वजन ४२ किलोच्या आसपास. उचलायला माणसं दोन, आणि काच छातीकडे. सगळं वजन काचेच्या बाजूला असतं. मागच्या बाजूने मिठी मारलीत की तो पुढे कलंडणार, आणि तुम्हीही त्याच्याबरोबर.

आता माझी लाडकी तक्रार. माहितीपत्रकावर लिहिलंय, जास्तीत जास्त २३०४ बाय १४४०, ८० हर्ट्झ. नवा मालक पहिल्याच संध्याकाळी तेच लावतो. अक्षरं जरा मऊ दिसतात. मग निदान सुरू होतं: ट्यूब गेली, फोकस गेला, केबल गेली. अहो, काहीही गेलेलं नाही! हिशेब मांडा. पडद्याची दिसणारी रुंदी साधारण ४८ सेंटिमीटर. अ‍ॅपर्चर ग्रिलचा (काचेमागच्या उभ्या पट्ट्यांच्या जाळीचा) पिच, म्हणजे एका रंगसंचाची रुंदी, मधोमध ०.२३ मिलिमीटर आणि कडांना ०.२७. ४८० भागिले ०.२५ केलं की लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांचे सुमारे १,९२० संच येतात. म्हणजे १९२० बाय १२०० ला एका पिक्सेलला सरासरी एक संच मिळतो. २३०४ ला पूर्ण संच मिळतच नाही, अगदी मधल्या बारीक भागातसुद्धा नाही. सर्किट तेवढ्या रेषा काढू शकतं, एवढंच त्या आकड्याचं म्हणणं आहे. ग्रिल त्या दाखवू शकते असं कोणीच म्हटलेलं नाही. ‘सीआरटीला स्वतःचं रेझोल्यूशन नसतं’ हे वाक्य ऐकून ऐकून पाठ झालंय, आणि ते खरंही आहे. पण त्याला मर्यादा असते, ती कोणी पाठ करत नाही.

दुसरी मर्यादा आडव्या फ्रिक्वेन्सीची. या मॉनिटरची ३० ते १२१ किलोहर्ट्झ, उभी ४८ ते १६० हर्ट्झ. एकूण रेषा गुणिले रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र काढलं जातं) म्हणजे आडवी फ्रिक्वेन्सी. एकूण रेषांत दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या, दोन्ही धरायच्या. १२०० दिसणाऱ्या रेषांना ८५ हर्ट्झवर सीव्हीटी टायमिंगने (सिग्नलच्या वेळा ठरवायचं प्रमाणित सूत्र) १२६२ रेषा होतात, गुणाकार १०७ किलोहर्ट्झ. आरामात बसतो. १४४० ला ८० हर्ट्झवर १५०९ च्या आसपास, गुणाकार पावणेएकशेएकवीस. बसतो, पण श्वास रोखून. रोजच्या कामाला मॉनिटर असा धारेवर कशाला धरायचा? १९२० बाय १२००, ८५ हर्ट्झ लावा आणि कामाला लागा. खेळांसाठी १६०० बाय १०००, तोच १६:१०, आणि रिफ्रेश वाढवा.

आता टायमिंग. इथे लोक सगळ्यात जास्त ठेचकाळतात. आजचे ड्रायव्हर एलसीडी गृहीत धरून ‘रिड्यूस्ड ब्लँकिंग’ लावतात, म्हणजे दोन रेषांमधली सुट्टी कमी करतात. १९२० बाय १२००, ६० हर्ट्झला साध्या सीव्हीटीत पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग) १९३ मेगाहर्ट्झ आणि प्रत्येक रेषेच्या शेवटी ६७२ पिक्सेलांची सुट्टी, म्हणजे साडेतीन मायक्रोसेकंद. रिड्यूस्डमध्ये क्लॉक १५४ आणि सुट्टी फक्त १६० पिक्सेलांची, जेमतेम एक मायक्रोसेकंद. एलसीडीला काय, त्याला परत जायचंच नसतं. सीआरटीत मात्र किरण उजव्या कडेहून डावीकडे परत न्यावा लागतो, आणि डिफ्लेक्शन कॉइलमधला प्रवाह उलटवायला वेळ लागतो. तो मिळाला नाही की चित्राची कड स्वतःवरच दुमडते, नाहीतर पडदा काळा होतो. लोक म्हणतात भूमिती बिघडली. बिघडलंय टायमिंग. कस्टम रेझोल्यूशनमध्ये जाऊन सीव्हीटी किंवा त्याआधीचं सूत्र जीटीएफ निवडा, रिड्यूस्ड नको.

मागे दोन इनपुट आहेत, १५ पिनांचा व्हीजीए आणि पाच बीएनसी. बीएनसीच्या पाच तारा म्हणजे लाल, हिरवा, निळा, आडवा सिंक, उभा सिंक. मॉनिटरची ओळख सांगणारी तार त्यात नाहीच. त्यामुळे संगणकाला कळतच नाही की पलीकडे कोण बसलंय, आणि तो भीतभीत लहान रेझोल्यूशन देतो. रेझोल्यूशन हाताने लिहा, प्रश्न संपला. अ‍ॅनालॉग आउटपुट एनव्हिडियाच्या ९०० मालिकेतल्या कार्डांपर्यंत डीव्हीआय-आय सॉकेटमधून मिळत होता, पुढच्या मालिकेपासून गेला. नव्या कार्डाला डिस्प्लेपोर्ट-व्हीजीए अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि इथे पिक्सेल क्लॉक बघूनच घ्या. १९२० बाय १२००, ८५ हर्ट्झला २८१ मेगाहर्ट्झ लागतात. स्वस्तातले बरेच अ‍ॅडॉप्टर १९२० बाय १२००, ६० हर्ट्झपुढे जात नाहीत. मग मॉनिटर लुकलुकतो म्हणून रडायचं! ६० हर्ट्झवर पांढरं पान बघितलंत तर लुकलुकणारच.

आता त्या दोन रेषा. हसू नका, हा प्रश्न आजही येणार आहे. पडद्यावर आडव्या दोन पुसट सावल्या दिसतात, एक वरच्या तिसऱ्या भागाजवळ, एक खालच्या. अ‍ॅपर्चर ग्रिल म्हणजे ताणून बसवलेल्या उभ्या बारीक पट्ट्या, सतारीच्या तारांसारख्या. धक्का लागला की थरथरतात. त्यांना धरून ठेवायला आडव्या दोन डँपर तारा घातलेल्या असतात, त्यांची ती सावली. खोक्याला टिचकी मारली की चित्र क्षणभर थरथरतं, तेही याच पट्ट्यांमुळे. सोनीची ही ट्यूब, ट्रिनिट्रॉन, १९६८ मध्ये बाजारात आली तेव्हापासून ग्रिलची हीच रचना आहे. त्या सावल्या पुसून जात नाहीत, डीगॉसने (पडद्याचं चुंबकत्व घालवणाऱ्या बटणाने) जात नाहीत, आणि माझ्या बोलण्यानेही जात नाहीत.

डीगॉसवरून आठवलं. कोपऱ्यात हिरवट-जांभळा डाग दिसला की लोक बटण लागोपाठ पाच वेळा दाबतात. पहिल्यांदा ‘धुम्म’ होतं, बाकी चार वेळा नुसता आवाजाचा आभास. कॉइलच्या सर्किटमधला थर्मिस्टर तापलेला असतो, त्यामुळे पुरेसा प्रवाह जातच नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबा. त्याआधी बाजूचे स्पीकर हलवा, आणि मॉनिटर ज्या दिशेला ठेवायचा तिथे आधी ठेवून मग डीगॉस करा. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रामुळे दिशा बदलली की रंगाची शुद्धता बदलते. रंग, भूमिती, कन्व्हर्जन्स (तिन्ही रंग एकमेकांवर बसणं), काहीही जुळवायचं ते किमान अर्धा तास तापल्यावरच. आणि थंड जागेतून उबदार खोलीत आणलेला मॉनिटर लगेच चालू करू नका. आत दव धरतं, वर साचलेली धूळ, आणि जवळच हजारो व्होल्ट. मग चटचट आवाज येतो, तो स्पार्कचा.

काच पुसायला कोरडं मायक्रोफायबर, फार तर किंचित ओलसर. अमोनिया किंवा अल्कोहोलचे क्लीनर नकोत, वरची चकाकीरोधक फिल्म खराब होते. चारदोन ओरखड्यांसाठी फिल्म सोलू नका. ती सोलली की उजेडात काळा रंग राखाडी दिसतो. खोली कायम अंधारी ठेवणार असाल तरच विचार करा.

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरलीत. म्हणजे छापलेला विषय आता धावतपळत.

जी-टू म्हणजे ट्यूबच्या मानेतल्या, किरण सोडणाऱ्या गनची दुसरी ग्रिड. तिचं व्होल्टेज वर गेलं की किरण पूर्ण बंद होत नाही. काळं राखाडी दिसतं, आणि फारच वाढलं तर परतीच्या तिरप्या रेषाही दिसतात. जुन्या मॉनिटरमध्ये ते वर सरकतं. आधी तपासा: अंधारी खोली, तापलेला मॉनिटर, पूर्ण काळं चित्र, ब्राइटनेस शून्य. तरी पडदा उजळलेला असेल तर जी-टू वर गेलंय. नसेल तर ब्राइटनेसच जास्त होता, घरी जा.

इतर अनेक मॉनिटरांत फ्लायबॅकवर (उच्च व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) ‘स्क्रीन’ नावाचा नॉब असतो. एफडब्ल्यू९०० मध्ये जी-टू डिजिटल आहे, विंडॅस या सॉफ्टवेअरने बदलतात. फ्लायबॅकवरचे नॉब फोकसचे असतात, ते जी-टू समजून फिरवू नका. त्यासाठी संगणक मॉनिटरला जोडणाऱ्या यूएसबी-टीटीएल केबलच्या तीनच तारा जोडा: ग्राउंड, आरएक्स (माहिती घेणारी), टीएक्स (पाठवणारी), आणि शेवटच्या दोन उलटसुलट, एकाची आरएक्स दुसऱ्याच्या टीएक्सला. पाच व्होल्टची तार मोकळी ठेवा. पहिलं काम: मॉनिटरमधली माहिती वाचून डीएटी फाइल (सगळ्या सेटिंगची नोंद) सेव्ह करा, आणि तिची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. ही नसेल तर पुढे जाऊ नका.

दोन रस्ते आहेत. फक्त काळं काळं करायचं असेल तर जी-टूचा आकडा दोन-तीन पायऱ्यांनी खाली आणत जा, प्रत्येक वेळी लिहा आणि बघा. ब्राइटनेस मध्यावर असताना अंधारात काळा पडदा जेमतेम विझला की थांबा. आणखी खाली नेलंत तर गडद छटा गिळल्या जातील. पूर्ण व्हाइट बॅलन्स करायचा असेल तर रंग मोजणारा कलरीमीटर लागतो, एक तास तापवणं लागतं, आणि विंडॅस सांगेल त्या क्रमाने एकेक पायरी. मधली पायरी टाळता येत नाही, आणि डोळ्यांवर भरवसा ठेवून ती होत नाही.

खोका उघडावाच लागला तर प्लग काढा, आणि तरीही ट्यूबचं उच्च व्होल्टेजचं टोक असलेल्या अ‍ॅनोडला हात लावू नका. तिथे २५ हजारांहून जास्त व्होल्ट उभे असतात, आणि ट्यूब कपॅसिटरसारखा चार्ज धरून ठेवते. डिस्चार्ज करताना तार ट्यूबभोवतीच्या ग्राउंड वेणीला जोडा, सर्किटच्या ग्राउंडला नाही. मुख्य फिल्टर कपॅसिटर वेगळा तपासा, त्यातही शेकडो व्होल्ट असतात. मानेला धक्का देऊ नका. निमुळती काच तुटली की निर्वात गेला, आणि ट्यूब गेली.

फोकसचे दोन नॉब फ्लायबॅकवर आहेत. ते मॉनिटर चालू असतानाच फिरवावे लागतात, म्हणून इन्सुलेटेड ड्रायव्हर, एक हात खिशात, आणि शेजारी दुसरा माणूस. कन्व्हर्जन्स आधी जुळवा, फोकस नंतर, कारण रंग एकमेकांवर बसले नसतील तर रेषा जाड दिसते आणि दोष फोकसवर जातो. विंडॅसमध्ये समाधान झालं की नव्या मूल्यांची डीएटी फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा, जुनीवर लिहू नका, आणि मगच केबल काढा.