चाकू सुटतो कुठे?

(पावसाळी ट्रेकपूर्वीच्या सराव वर्गात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दोरकामाचं सत्र सुरू होण्याआधी मला तुमच्या खिशातल्या घडीच्या चाकूबद्दल बोलायचंय. कोणता चाकू घ्यावा यावर तुमच्यात पुष्कळ वाद होतात, त्यात मी पडणार नाही. घेतलेला चाकू ट्रेक संपेपर्यंत आपल्याजवळ कसा राहील, एवढाच आजचा विषय.

आधी तो जातो कधी, ते बघू. सरळ चालताना खिशातून चाकू पडणं तसं विरळाच. तो जातो बसताना. सह्याद्रीत आपण सारखे बसतो. कातळटप्पा उतरताना बूड टेकवून सरकतो, ओढ्याकाठी उकिडवे बसतो, गुहेत भिंतीला टेकून पाय पसरतो. उभं असताना खिशाचं तोंड वर असतं. बसलं की मांडीबरोबर खिसाही आडवा होतो. त्यात ट्रॅक पँटचा गुळगुळीत, उथळ खिसा असेल तर आतल्या वस्तूला अडवणारं काहीच उरत नाही.

जाण्याची दुसरी वेळ वापरानंतरची, आणि माझ्या मते जास्त चाकू तेव्हाच जातात. काकडी कापली, चाकू शेजारच्या दगडावर ठेवला. कुणीतरी मीठ मागितलं, कुणी फोटोला बोलावलं, तेवढ्यात लीडरनं ‘चला, अंधार होईल’ म्हणून सगळ्यांना उठवलं. चाकू दगडावरच राहिला, तोही उघडा. त्या वाटेनं गावातली गुरं जातात, गुराखी पोरं अनवाणी जातात. हरवलेल्या चाकूची किंमत आपण रुपयांत मोजतो, पण गवतात पडलेलं उघडं पातं त्या पोरांच्या तळव्याला लागणार आहे, हे मला जास्त बोचतं.

म्हणून खिसा कितीही चांगला असला तरी तो अर्धंच काम करतो. चाकू हातात असतानाही अंगाशी जोडलेला हवा.

शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांना हे पक्कं ठाऊक होतं. डोलकाठीवर चढून दोर कापायचा आणि खाली डेकवर माणसं. चाकू निसटला तर एक तर समुद्रात जाणार, नाही तर कुणाच्या तरी डोक्यात. म्हणून त्यांच्या घडीच्या चाकूच्या मुठीला मागे कडी असायची, कडीत दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक गळ्यात नाही तर कमरेला. ब्रिटिश सैनिकांच्या घडीच्या चाकूलाही ही कडी होती. आपण सांदण दरीत किंवा नागफणीवर रॅपलिंग करतो, म्हणजे दोरावरून कडा उतरतो, तेव्हा परिस्थिती तीच असते. दोरावर माणूस, आणि त्याच्या खाली दुसरी माणसं.

आपल्याकडेही माणसं याच युक्तीपाशी येऊन पोचलेली दिसतात. कोकणातला माणूस झाडावर चढताना कोयता हातात धरत नाही, कमरेच्या आकडीत अडकवतो. आकडी पाठीमागे असते, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि बसताना पातं पोटाशी येत नाही. जुनी माणसं किल्ली करगोट्याला बांधायची, कुणी जानव्याला. अडकित्ता चंचीत असायचा, आणि चंची गुंडाळून कमरेला खोचलेली. कनवटीला लावलेली वस्तू दिवसभर शेतात वाकूनही पडायची नाही. हातचलाखी यात काही नाही. वस्तू कमरेशी असली आणि तिची जागा ठरलेली असली की ती राहते.

आता दोरीकडे येऊ. डोंगरी साहित्याच्या दुकानात दोन-तीन मिलिमीटर जाडीची ॲक्सेसरी कॉर्ड, म्हणजे बारीक मजबूत दोरी, मिळते, ती पुरते. सुतळी नको, भिजून कुजते. दोरीची दोन्ही टोकं डबल फिशरमन नॉटनं, म्हणजे दोन टोकं जोडायच्या पक्क्या गाठीनं, जोडून लांबट फास करा. तो चाकूच्या कडीतून ओवा आणि चाकू त्याच फासातून काढून घट्ट ओढा. दुसऱ्या टोकाला छोटा हुक लावून तो पँटच्या बेल्टच्या लूपमध्ये अडकवा. लांबी फुटपट्टीनं मोजू नका, स्वतःच्या अंगावर मोजा. हुक कमरेला लावून हात पूर्ण पुढे करा, दोरी किंचित सैल राहिली की झालं. आखूड दोरीचा त्रास असा की काम करताना ती ओढते, माणूस वैतागून हुक काढून टाकतो, आणि नेमका त्याच दिवशी चाकू जातो.

खिशात आधी चाकू जाऊ द्या, दोरी त्याच्यावर गुंडाळून ठेवा. म्हणजे काढताना दोरी आधी हाताला लागते. ती बाहेर लोंबती ठेवू नका, कारवीच्या फांद्यांत अडकते.

दोरीमुळे एक नवा धोका येतो, तोही सांगतो. उघडा चाकू हातातून सुटला तर तो जमिनीवर पडत नाही, झोका घेऊन तुमच्याच मांडीवर येतो. म्हणून काम झालं की पातं मिटल्याशिवाय बोटं सोडायची नाहीत. दगडावर उघडा चाकू ठेवायचा नाही, हा नियम ग्रुपमध्ये सगळ्यांनी पाळा. पाच सेकंदांनी पुन्हा लागणार असला तरी मिटवा.

गळ्यात दोरी घालणाऱ्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. कातळावर चढताना ती कुठल्या तरी टोकात अडकली आणि पाय सुटला तर गळ्याला फास बसेल. दोरकाम करणाऱ्यांनी चाकू हार्नेसच्या, म्हणजे कमर-मांड्यांच्या सुरक्षापट्ट्याच्या, गिअर लूपला (साहित्य अडकवायच्या कडीला) लॉकिंग कॅराबिनरनं, म्हणजे कुलूप बसणाऱ्या धातूच्या कडीनं, लावावा. पेट्झल या गिर्यारोहण साहित्याच्या कंपनीच्या स्पाथा चाकूला त्यासाठी मुठीतच भोक दिलेलं आहे. तिथे चाकू चुकून उघडणार नाही याची खात्री दर वेळी करा. भार आलेला, ताणलेला दोर पात्याच्या जराशा स्पर्शानंही तुटतो.

खिशाच्या काठाला चाकू अडकवणाऱ्या क्लिपबद्दल तुम्ही विचारणारच. स्पायडरको या चाकू बनवणाऱ्या कंपनीनं १९८१ साली क्लिप लावलेला घडीचा चाकू बाजारात आणला आणि पुढे क्लिप सगळीकडे पसरली. जीनच्या जाड कापडावर ती छान बसते. आपल्या पातळ, ताणल्या जाणाऱ्या पँटवर ती कापडासकट झुकते. सॅकचा कमरपट्टा तिला वर ढकलतो, चिमणीतून, म्हणजे कातळातल्या अरुंद उभ्या फटीतून, चढताना दगड तिला घासतो. स्क्रू हळूहळू सैल होतात ते वेगळंच. ट्रेकच्या आदल्या रात्री ते आवळा आणि क्लिप असली तरी दोरी लावाच. चाकूला दोरीसाठी कडी किंवा भोक नसेल तर? फ्रान्सचा ओपिनेल बऱ्याच जणांकडे आहे. त्याच्या साध्या लाकडी मुठीला कडी नसते. मुठीच्या शेपटाला, मिटल्यावर पात्याचं टोक जिथे येतं त्याच्या मागे, बारीक भोक पाडता येतं. पावसात ते लाकूड फुगून पातं अडकतं, तेव्हा भोकाच्या आतही तेल लावा.

चाकूच्या खिशात मोबाइल ठेवू नका. फोटोसाठी मोबाइल सारखा बाहेर येतो आणि चाकूला ओढून आणतो. मूठ काळी किंवा हिरवी असेल तर लाल टेप गुंडाळा, काळ्या बेसॉल्टवर काळा चाकू दोन हातांवरूनही दिसत नाही.

हिमालयात विमानानं जाणाऱ्यांनी चाकू आदल्या दिवशीच चेक-इनच्या बॅगेत टाकावा. केबिनच्या बॅगेत राहिला तर सुरक्षा तपासणीत गेलाच. आणि शहरातून ट्रेकला निघताना तो सॅकच्या आत ठेवा, कमरेला मिरवू नका. शस्त्र नियमांतली ९ इंच लांब, २ इंच रुंद पात्याची मर्यादा आपल्या चाकूपासून फार दूर आहे, हे खरं. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल तर त्यात चाकूही येतो.

आत्ता मागून एका ताईंनी विचारलं, ‘आमच्या ट्रेक पँटला खिसेच नसतात, मग?’ प्रश्न रास्त आहे, आणि मी आत्तापर्यंत खिसा गृहीत धरूनच बोलत होतो. ताई, तुम्ही सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला छोटी चेनची पाउच लावा, छातीच्या उंचीवर, ज्या हातानं चाकू वापरता त्याच्या विरुद्ध बाजूला. दोरीचा हुक पाउचमध्ये नको, पट्ट्यावर शिवलेल्या लूपमध्ये. सॅक उतरवून बसलात की चाकू सॅकपाशी राहील, म्हणून जेवणाच्या वेळी सॅक हाताशी घ्या. सॅक दूर ठेवायचीच असेल तर साधा कापडी कमरपट्टा बांधा, तोच हुक त्याला लागतो. दोन-तीन पट्टे मी आणलेत, सत्र संपल्यावर बांधून बघा.