लेकरं बोलत नाहीत? आधी गुरुजींनी गप्प बसा!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, 'सर, पुस्तकात "चर्चा करा" असं छापलंय, पण लेकरं तोंडच उघडत नाहीत.' म्हणून आज बसलोय. मागं शेजाऱ्यांची शेळी ओरडतीय, तेवढं सांभाळून घ्या.

सोपं सोपं आधी उरकतो. गोल बसवा. वर्गात जागा नसली तर लिंबाखाली. आमच्याकडं खडूचा रिकामा डबा फिरतो, ज्याच्या हातात डबा त्यानंच बोलायचं. आणि प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर गाईडात सापडणार नाही. हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुढं.

खरी अडचण लेकरांची नाही हो, आपली आहे. आपल्याला गप्प बसवत नाही.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक होत्या. १९७०च्या आसपास त्यांनी वर्गात चाललेलं बोलणं टेप करून तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक थांबायचे किती? सरासरी १ सेकंद! तेच शिक्षक ३ सेकंद थांबायला शिकले, तर उत्तरं लांबली, गप्प राहणारी पोरं बोलायला लागली. ३ सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? वर्गात उभं राहून बघा एकदा. जीव नुसता कासावीस होतो.

माझीच फजिती सांगतो. पाचवीचा वर्ग. मी विचारलं, '२०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मग आपल्याकडं ऊस लावावा का?' आणि थांबलो. दातावर दात ठेवून थांबलो. शेवटी मागच्या रांगेतली एक पोरगी बोलली. तिचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जातात. म्हणाली, 'ऊसच नाही लावला तर आमची माय कुठं जाईल?'

आणि मी काय केलं? जोरात म्हणालो, 'शाब्बास!' झालं. चर्चा तिथंच संपली. सरांना पाहिजे ते उत्तर आलं, आता कशाला बोला, असं पोरांनी धरलं. म्हणजे प्रश्नानंतर थांबलो, पण उत्तरानंतर थांबलोच नाही.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेतला. यावेळी तिचं बोलून झाल्यावर मी चक्क खिडकीबाहेर बघत बसलो. तर एक पोरगा म्हणतो, 'ठिबकवर लावावा.' ती माझ्याकडं नाही, त्याच्याकडं वळली, 'ठिबकला बी पाणीच लागतंय की!' मग अर्धा तास डबा माझ्याकडं आलाच नाही.

आता एका ताईंची कमेंट आहे, 'मागच्या बाकावर ऐकू जात नाही, म्हणून मी प्रत्येक उत्तर मोठ्यानं परत सांगते.' ताई, रागावू नका, पण घोळ तिथंच होतो. तुम्ही परत सांगणारच आहात म्हटल्यावर त्या लेकराचं कोण कशाला ऐकेल? त्यालाच म्हणा, 'मागच्यांना ऐकू गेलं का विचार बरं.' ते विचारील. तुम्ही गप्प बसा.

आणि 'कोर्स कधी संपवायचा?' हे लिहिणाऱ्यांनो, रोज कुठं म्हणतोय मी? आठवड्यातून एक तासिका द्या. हां, एक सांगून ठेवतो, तपासणीला कुणी आलं तर तुम्ही गप्प उभे दिसणार. मला एकदा दारातूनच विचारलं होतं, 'गुरुजी, तास चालू आहे ना?'

बरं, थांबणं जमत नसलं तर माझी युक्ती घ्या. डाव्या खिशात ३ चिंचोके ठेवायचे. प्रश्न विचारला की एकेक करून उजव्या खिशात टाकायचे, सावकाश. तिसरा पडेपर्यंत तोंड बंद. उत्तर आल्यावर परत तेच, उजवीकडून डावीकडं. फक्त पँट धुवायला टाकताना खिसे बघा. आमच्या घरी परवाच मशीनमधून खडखड आवाज आला, आणि त्यावर जी चर्चा झाली, तिच्यात मला एक सेकंदही कुणी बोलू दिलं नाही.