रात्री दोन वाजतासुद्धा फोन करा

बसा, बसा सगळे, मागच्या बाकांवरच्यांनी पण जरा पुढं या. जय येशू. मिस्सेत, म्हणजे आपल्या चर्चमधल्या उपासनेत, प्रवचन झालंच आहे, आता चहाच्या आधी माझी ओळख म्हणून दहा मिनिटं घेतो.

मी मूळचा वसईचा, घरी आम्ही कादोडी बोलतो, वडिलांची केळीची बाग होती. पुण्यात सेमिनरीत शिकलो, धर्मगुरू होऊन 21 वर्षं झाली, आणि आता बिशपांनी तुमच्याकडं पाठवलंय. समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेल्या माणसाला इथलं ऊन नवीन आहे, पण माणसं नवीन वाटली नाहीत. आल्याच्या दुसऱ्या दिवशीच एका घरातून डबा आला, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वाटीभर दही. डबा परत द्यायच्या निमित्तानं मी त्यांच्या घरी गेलो तर शेजारी टॉवेलचे यंत्रमाग चालू, आवाज एवढा की बोलायला आम्हाला गल्लीच्या तोंडाशी यावं लागलं. आजी माझ्याशी मराठीत बोलत होत्या, सुनेशी तेलुगूत आणि भाजीवालीशी कन्नडमध्ये. मला फार आवडलं ते. तेलुगू, कन्नड मी शिकणार आहे, निदान आजाऱ्याची विचारपूस करता येईल एवढी तरी.

कॅथोलिक चर्चचा 1983 चा कायदा आहे, त्यातलं कलम 529 सांगतं की पॅरिश प्रीस्टनं, म्हणजे एका चर्चच्या लोकांची जबाबदारी असलेल्या धर्मगुरूनं, आपल्या लोकांना ओळखावं, त्यांच्या घरी जावं, त्यांच्या काळज्या आणि दुःखं वाटून घ्यावीत. म्हणजे मी दार वाजवलं तर घर आवरलेलं नाही म्हणून संकोच करू नका. आणि दर रविवारी एक मिस्सा मी तुम्हा सगळ्यांसाठी अर्पण करायची असते, तिच्यासाठी कुणाकडून दक्षिणा घ्यायची नाही, तेही कायद्यातच आहे.

पण मला आज खरं जे सांगायचंय ते वेगळंच आहे. माझ्या पहिल्या पॅरिशमध्ये एक आजी होत्या, रोज सकाळच्या मिस्सेला पहिल्या बाकावर. त्या आजारी पडल्या, रात्री दोनच्या सुमाराला त्यांनी मुलाला म्हटलं फादरला बोलव, आणि मुलगा चांगला, भला माणूस, त्याला वाटलं एवढ्या रात्री फादरना कशाला उठवायचं, उजाडू दे. साडेपाचला फोन आला, मी सायकल काढली, पोचलो तेव्हा आजी गेल्या होत्या. आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करायची, हा आपला संस्कार, पण माणूस गेल्यावर तो देता येत नाही, फक्त प्रार्थना करता येते, ती केली. तेलाची डबी खिशात तशीच राहिली. मुलगा मला सॉरी म्हणत होता आणि मला वाटत होतं की चूक माझी आहे, रात्री बोलवलं तरी चालतं हे मी कधी त्यांना सांगितलंच नव्हतं.

ही बघा ती डबी. अंगठ्याएवढी, आत कापूस, त्याला हे तेल, बिशप ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात क्रिस्म मिस्सेला, म्हणजे तेलांच्या खास मिस्सेला, आशीर्वादित करतात ते. कपाळाला आणि दोन्ही हातांना लावतो, पाच-दहा मिनिटांची प्रार्थना, बस. बरेच जण अजून मानतात की फादर तेल घेऊन आले म्हणजे आता संपलं, आणि म्हणून आजाऱ्याला घाबरवायचं नको म्हणून बोलवतच नाहीत. तसं नाहीये हो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरातल्या बिशपांच्या 1962 ते 65 च्या सभेनं, स्पष्टच सांगितलंय की हा फक्त शेवटच्या घटकेचा संस्कार नाही. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, वयामुळं अंगातली ताकद चालली असेल तरी घ्यावा, आणि तब्येत पुन्हा बिघडली तर पुन्हा घ्यावा. बरं वाटावं, धीर यावा म्हणून आहे तो.

माझा नंबर बाहेर बोर्डावर लावलाय. रात्री फोन माझ्या उशाशी असतो, वॉचमनलाही सांगून ठेवलंय, गेट वाजलं की आधी मला उठवायचं. सिव्हिलला असा, खाजगी दवाखान्यात असा, गावाकडं असा, मी येतो.

आता चहा घ्या, आणि जाताना प्रत्येकानं दारात थांबून नाव, कुठली पेठ, आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर तेही सांगा, ही वही घेऊन मी तिथंच उभा आहे.