डायलिसिसवाल्याला भेटायला जाताना

नमस्कार मंडळी, मागे आवाज येतोय ना? बरं.

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जायचं म्हणजे हातात शहाळं पाहिजेच, आणि डायलिसिसवाल्याला नेमकं तेच चालत नाही. त्यात पोटॅशियम भरपूर, बंद पडलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, फार वाढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. पण आणणाऱ्याचं मन कसं मोडायचं, म्हणून पेशंट निमूट घेतो आणि नंतर वॉचमनला देतो.

मी ठाण्यात डायलिसिसच्या पेशंटसोबत समुपदेशनाचं काम करते. बहुतेकांना आठवड्यातून तीनदा यावं लागतं, दर वेळी साधारण चार तास रक्त साफ करणाऱ्या मशीनवर, येणं-जाणं वेगळं, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक लागलं तर अख्खा दिवस गेलाच म्हणायचा. सुरुवातीला फोन थांबत नाहीत, मामा, आत्या, ऑफिसवाले, सोसायटीवाले सगळे येऊन जातात, मग हळूहळू पांगतात, कारण ताप आला-गेला असं या दुखण्याचं नसतं ना, ते चालूच राहतं, आणि शेवटी बाकावर बायको एकटी बसलेली दिसते, तिचे स्वतःचे गुडघे दुखतायत हे कुणी विचारतही नाही.

२०१० मध्ये ज्युलिअ‍ॅन होल्ट-लुन्स्टॅड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तीन लाखांहून जास्त माणसं होती त्यात, तर ज्यांची नाती घट्ट त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. आता आत्या आली म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, उतरत नाही हं! पण मनाच्या तब्येतीबद्दल अजून एक गोष्ट अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसते, की प्रत्यक्ष मदत किती मिळाली यापेक्षा, वेळ आली तर कुणीतरी नक्की येईल असं वाटणं जास्त कामाचं असतं.

आमच्याकडे कळव्याहून एक काका येतात. त्यांना त्यांच्याच बिल्डिंगमधला मित्र स्कूटरवर घेऊन येतो. सुया काढल्या की त्या जागी गॉज ठेवून बोटाने दहाएक मिनिटं दाबून धरावं लागतं, काकांना तेव्हा गळून गेल्यासारखं होतं, तर हा मित्र दाबून धरतो आणि तेवढा वेळ मुंबई इंडियन्सला शिव्या घालतो. ‘कसं वाटतंय’ वगैरे काही नाही. मला विचाराल तर याहून चांगला सपोर्ट मी पाहिलेला नाही.

उलट काही घरांत काळजीचा पहारा होतो. पाणी मोजून प्यायचं हे खरंच आहे, पण पाहुण्यांसमोर ‘आज कितवा ग्लास?’ म्हटलं की माणूस चोरून प्यायला लागतो, आणि ते पाणी अंगात साठून पुढच्या वेळी वजनकाट्यावर दिसतंच. आणि ते ‘काही लागलं तर सांग हं’, ते तर सोडाच. कुणी सांगत नाही. त्यापेक्षा ‘गुरुवारी मी नेतो, वहिनी तुम्ही घरी झोपा’ असं म्हणा.

एक चिठ्ठी आलीये, मुलगा अमेरिकेत आहे, त्याने काय करावं? सोपं आहे. सकाळच्या शिफ्टला आपल्याकडे सात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या रात्रीचे साडेआठ-साडेनऊ असतात, बाबा मशीनवर छताकडे बघत पडलेले असतात, तेव्हा व्हिडिओ कॉल करायचा. फक्त रिपोर्ट विचारायचे नाहीत, नातवाने शाळेत काय घोळ घातला ते सांगायचं.