दोरीचं दुसरं टोक

(चेंबूर येथे सुरक्षा सप्ताहात कंत्राटी कामगार, मुकादम आणि सुपरवायझर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बसून घ्या. मागे उभे आहेत त्यांनी जरा भिंतीकडे सरका, दार मोकळं राहू द्या. सुरक्षेवर बोलायला बोलावलेल्या माणसासमोरच बाहेर पडायची वाट अडलेली असणं बरं दिसत नाही.

सकाळी शपथ झाली असेल, छातीवर बिल्ले लागलेच आहेत, घोषवाक्याचं बक्षीसही कुणीतरी घरी नेईल. १९६६ साली ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा सगळा सोहळा मार्चात. मला घोषवाक्यं जमत नाहीत. चाळीस वर्षं मी टाक्यांच्या आणि खड्ड्यांच्या तोंडाशी काढली. आधी हेल्पर, मग फिटर, शेवटी सेफ्टीत. त्यामुळे हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज हे सगळं आज बाजूला ठेवतो. झाकण उघडून माणूस आत उतरतो, तेवढ्यावरच बोलतो.

कारखाने कायदा १९४८, कलम ३६. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांतल्या एकीत गेला. नवे क्रमांक वकिलांनी पाठ करावेत. मी जुनंच कलम सांगतो, कारण ते लिहिणाऱ्यानं टाकीचं तोंड पाहिलं असावं असं मला कायम वाटत आलंय. त्याचा मतलब असा. टाकी, खड्डा, पाइप, धुराडं अशा बंदिस्त जागेत घातक वायू असण्याची शक्यता असेल, तर आधी तो काढण्याची होईल ती सगळी व्यवस्था करा. मग दोनपैकी एक. एक तर जाणकार माणसानं स्वतः तपासणी करून, जागा निर्धोक असल्याचं लेखी द्यावं. नाही तर उतरणाऱ्यानं श्वसनयंत्र लावावं, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, आणि त्या दोरीचं मोकळं टोक बाहेरच्या माणसानं धरलेलं असावं. धरलेलं. हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येतो.

आधी हवेचं बघू. आपल्या आजूबाजूच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के. वायू मोजायच्या मीटरवर १९.५ च्या खाली गेला की आत पाय टाकायचा नाही. लोक विचारतात, दीड टक्क्यानं असं काय बिघडतं? दीड टक्क्यानं माणूस पडत नाही हो. पण तो कमी झालेला ऑक्सिजन गेला कुठे आणि त्याच्या जागी काय आलं, हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि पुढच्या दहा मिनिटांत तो किती उतरेल हेही नाही. गंज ऑक्सिजन खातो. कुजणारं लाकूड खातं, गाळ खातो. म्हणून वर्षभर बंद असलेली लोखंडी टाकी रिकामी, कोरडी, स्वच्छ दिसत असली तरी विश्वासाची नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे शरीर ओरडत नाही. पाण्यात डोकं बुडवलं की जीव कासावीस होतो ना? ती कासाविशी ऑक्सिजन संपल्याची नसते, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. नायट्रोजन भरलेल्या टाकीत माणूस आरामात श्वास घेतो, सोडतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय, तेव्हा शरीराची तक्रार नाही. उलट रक्तातला उरलेला ऑक्सिजन फुप्फुसातून बाहेर जातो. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. ‘गुदमरायला लागलं की वर येईन’ असं म्हणणाऱ्याला ते गुदमरणं कधी भेटतच नाही.

गाळ असेल तिथे हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास. दहा लाखांत एक भागही नसताना नाकाला कळतो, म्हणून लोकांना वाटतं नाक आहे की आपलं. पण शंभर भागांच्या आसपास नाकच मरतं. वास येतोय तोवर सावध असलेला माणूस वास थांबला की म्हणतो, गेला वाटतं गॅस. हजाराच्या घरात गेला तर म्हणायलाही वेळ मिळत नाही.

आमच्या गावाकडे जुन्या विहिरीत उतरायच्या आधी दोरीनं कंदील सोडायचे. विझला तर उतरायचं नाही. अडाणी म्हणू नका त्यांना, ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांवर आला की ज्योत जाते. पण हायड्रोजन सल्फाइडसारख्या विषारी वायूची कंदिलाला खबर नसते, आणि पेट्रोलच्या टाकीत कंदील सोडलात तर पुढचं सांगायला कुणी उरायचं नाही. म्हणून मीटर. मीटरही झाकणापाशी धरून ‘शून्य आलं’ म्हणायचं नाही. नळी सोडून वर, मध्ये, तळाशी, तिन्ही ठिकाणी बघायचं, कारण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड आहे, तळाला बसतो. आधी ऑक्सिजन वाचायचा, मग ज्वालाग्राही वायू, मग विषारी. हा क्रम कुणी हौसेनं ठरवलेला नाही. ज्वालाग्राही वायू मोजणारा नेहमीचा सेन्सर तो वायू आतल्या आत जाळून मोजतो, आणि जाळायला ऑक्सिजनच नसेल तर तो खोटं शून्य दाखवतो.

एक उपद्व्याप मी डोळ्यांनी पाहिलाय. ऑक्सिजन कमी आहे ना, मग वेल्डिंगचा सिलिंडर सोडा की आत! असलं कधी करू नका. कपडे, केस, गाळ, सगळं ऑक्सिजन पिऊन बसतं आणि एका ठिणगीत माणूस कापरासारखा पेटतो. हवा द्यायची ती ब्लोअरनं, आणि ब्लोअरचं तोंड जनरेटरच्या धुराकडे नको.

आता माझी गोष्ट. १९८२. गिरण्यांचा संप सुरू झालेला, वडील घरी बसलेले, आणि मी इथल्याच एका कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागलो. कारखान्याचं नाव नको. एका टाकीतला गाळ काढायचा होता. मीटर नव्हता, शिशाच्या क्षाराचा ओला कागद आत सोडायचा, गॅस असला की काळा पडायचा. सकाळी कागद पांढराच राहिला. माझ्याच वयाचा एक पोरगा उतरला, कमरेला पट्टा, मनिला दोर. टोक माझ्या हातात. तासभर मी टोक धरून उभा. फावड्याचा आवाज येतोय, बादल्या वर येतायत, मला कंटाळा आलेला. कुणीतरी म्हणालं, चहा आण. मी दोराचे दोन वेढे रेलिंगला मारले, गाठ घातली, किटली घेऊन गेलो.

परत आलो तर फावडं वाजत नव्हतं. डोकावलो. तो गाळात बसलेला, डोकं गुडघ्यांवर, जसा काही दमून बसलाय. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू सुटतो, सकाळचा कागद दुपारी उपयोगाचा नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी किटली टाकली आणि एक पाय मॅनहोलात घातला. मागून कॉलर धरून मला कुणी तरी उचलून फेकलं. कोकणातला म्हातारा खलाशी, आम्ही त्याला मामा म्हणायचो. “दोर सोड, दोर ओढ!” गाठ ओढ बसून आवळलेली, मला सुटेना. त्यानं कोयत्याचा घाव घालून दोर तोडला, तिघांनी ओढलं. पट्टा कमरेला, त्यामुळे पोरगा दुमडून आला आणि मॅनहोलात अडकला. हार्नेसची, म्हणजे खांद्यांवरून घालायच्या पट्ट्यांची, कडी आता खांद्यांच्या मागे का असते ते तेव्हा कळलं. माणूस सरळ उभा वर येतो.

तो वाचला. पुढे दोन वर्षं माझ्यासोबत कामाला होता. संध्याकाळी मामानं मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, “दोर बांधूनच ठेवायचा तर खुंटी पुरली असती. ठेकेदार खुंटीला पगार देतो का रे?”

तेव्हा मला वाटलेलं की माझंच चुकलं. माझं चुकलं होतंच. पण नंतर इतकी वर्षं परमिटं, म्हणजे आत उतरायचे लेखी परवाने, तपासताना दिसलं, की स्टँडबायला, म्हणजे बाहेर तोंडाशी लक्ष ठेवायला, उभा करतात तो नेहमी सगळ्यात नवा, सगळ्यात कमी पगाराचा पोरगा. काम काय, तर काही न करणं. मग मुकादमाला तो रिकामा दिसतो. ‘अरे, तो पान्हा आण.’ ‘जरा गेटवर जाऊन ये.’ परमिटवर त्याचं नाव आहे, सही आहे, माणूस जागेवर नाही. ऑडिटला फाइल चोख! माझ्या मते साइटवरचा सगळ्यात शहाणा माणूस त्या तोंडाशी उभा राहिला पाहिजे. आत किती गेले, कोण गेले, हे त्याला तोंडपाठ हवं, दर काही मिनिटांनी हाक हवी, आणि काही झालं तरी आपण आत उडी घ्यायची नाही, एवढा जीव घट्ट हवा. ते सगळ्यात अवघड. २०२५ च्या मार्चमध्ये नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत चार मजूर गेले. पाण्याची टाकी, ॲसिडची नव्हे. अशा बातम्या वाचताना मी आधी आकडा बघतो. एकाच टाकीत एकापेक्षा जास्त माणसं गेली असतील, तर बऱ्याचदा दुसरा पहिल्याला काढायला उतरलेला असतो, तिसरा दुसऱ्याला.

इथे कुणी सोसायटीचे सेक्रेटरी असतील तर त्यांनाही सांगतो. सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवणं हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि गटारात मृत्यू झाला तर भरपाई तीस लाख, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ठरवलंय. ‘त्यांचं ते बघतील, आम्ही ठेका दिलाय’ हे वाक्य मीटिंगच्या वहीत लिहू नका.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली. मिस्टर ठेक्यावर आहेत, मुकादम परमिट नसताना उतर म्हणतो आणि मिस्टरांनी नाही म्हटलं तर उद्या काम नाही, मग काय करायचं? ताई, कायद्यात उत्तर आहे. भोपाळनंतर १९८७ साली कामगाराला हक्क मिळाला, की जिवाला धोका वाटला तर व्यवस्थापनाला सांगायचं आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकाच्याही कानावर घालायचं. पण हक्क कागदावर आहे आणि मुकादम समोर उभा आहे, हे मला कळतं. मी करायचो ते सांगतो. ‘उतरत नाही’ असं म्हणायचोच नाही. म्हणायचो, ‘उतरतो साहेब, मीटर दाखवा आणि दोर कोण धरतंय ते सांगा.’ दहातल्या आठ वेळा तिथेच काम थांबायचं, कारण मीटर स्टोअरमध्ये कुलुपात असायचा. उरलेल्या दोन वेळा मी बोलणी खाल्ली, एकदा खाडा लागला. त्याहून चांगला उपाय मला सापडला नाही.

बरं. टेबलावर हार्नेस आणि दोर आणलाय. पुढच्या रांगेतले दोघं या. एकानं घालायचा, मी कड्या दाखवतो. दुसऱ्यानं टोक धरायचं. आणि धरणाऱ्या, तुझा मोबाइल आधी माझ्याकडे दे.